सोळाव्या अंकाची कुळकथा

रमीच्या डावात जोकर दोन जातींचे असतात. एक छापील, विदूषकाच्या टोपीचा, जो गड्डीबरोबरच जन्माला येतो आणि गड्डी फाटेपर्यंत आपला मान राखून असतो. दुसरा तो, जो पाने वाटून झाल्यावर उरलेल्या गड्डीतून एक पान उलटून ठरविला जातो आणि ज्याचा अधिकार त्या एका डावापुरताच चालतो. या डावात हव्या त्या पानाची उणीव भरून काढणारी चौकटची सत्ती पुढच्या डावात पुन्हा नुसती चौकटची सत्ती होते. खानापूरहून लोंढ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेल्या आमच्या गुंजीत, रोपलावणी आटोपली आणि पाऊस मात्र आटोपेनासा झाला, की सोप्यात घोंगडे अंथरून वडीलधारी मंडळी रमी मांडीत. आम्हां मुलांना पत्त्यांना हात लावण्याची मुभा नव्हती, पण पाहण्याची होती, आणि हा भेद मी तेथे पाहून शिकलो. पुढे फार वर्षांनी, मोटारसायकलींच्या ‘स्पीडवे’ शर्यतींची जी जागतिक मालिका आहे तिच्यात स्वार कसे निवडले जातात हे समजून घेत असता तोच भेद मला नेमका पुन्हा भेटला, आणि ‘वाइल्ड कार्ड’ या शब्दाचे कुळ शोधावे असे वाटले ते त्यामुळे.

प्रथम आपल्या दाराशी असलेल्या पत्त्यांपासून आरंभ करतो. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरले की सावंतवाडी लागते, आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगविला जातो. वाटोळी, हाताने रंगविलेली, चिंचोक्याच्या खळीने आणि लाखेने सिद्ध केलेली ही पाने. हा खेळ इराणी परंपरेतून मोगलांबरोबर हिंदुस्थानात रुळला, आणि बाबराने १५२७ साली सिंधच्या अमिराला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफ्यात ९६ पाने, आठ रंग. आपल्या दशावतारी गंजिफ्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि १२० पाने. प्रत्येक रंगाला एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची प्रजा. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा आघाडीला, रात्री मांडला तर कृष्णाचा. राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही मरणपंथाला लागलेली कला हाती धरून जगविली, हे त्या घराण्याचे मोठे ऋण आहे.

परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने गंजिफ्यात जे आहे त्यापेक्षा जे नाही ते अधिक बोलके आहे: त्या १२० पानांत जोकर नाही. प्रत्येक पानाला रंग आहे, दर्जा आहे, वतन आहे. दर्जाचा क्रम अर्ध्या रंगांत उलटा लागतो हे खरे, परंतु तेही नियमाने. आपल्या मेंढीकोटात ‘हुकूम’ असतो, आणि हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या राजाला मारते. पण हुकूम म्हणजे एका अख्ख्या रंगाला त्या डावापुरती मिळालेली सरंजामी होय, आणि इस्पिकची दुर्री हुकूम झाली तरी इस्पिकचीच राहते. ज्याला कोणताही रंग नाही आणि म्हणून कोणताही रंग चालतो, असे पान या दरबारी खेळाच्या कल्पनेतच बसत नव्हते.

ते पान जन्माला आले अमेरिकेत. तेथे ‘यूकर’ नावाचा खेळ लोकप्रिय होता, त्यात हुकमाच्या गुलामाला सर्वांत मोठा मान असे, आणि त्या गुलामाच्याही वर एक पान असावे म्हणून १८६३ च्या सुमारास सॅम्युएल हार्ट या पत्तेवाल्याने गड्डीत एक जादा पान छापले. त्यालाच पुढे जोकर हे नाव आणि विदूषकाचे रूप मिळाले. म्हणजे मुळात तो सर्वश्रेष्ठ हुकूम होता. सर्वांच्या जागी चालणारे पान हा अधिकार त्याला नंतर पोकरच्या टेबलावर मिळाला, आणि तेथील खेळाडूंनी अशा पानाला दिलेले ‘वाइल्ड’ हे विशेषण मुक्त, मोकाट, कोणत्याही दावणीला न बांधलेले या अर्थाचे आहे.

पत्त्यांच्या टेबलावरून हा शब्द मैदानात गेला तेव्हा त्याला दोन फाटे फुटले, आणि त्यांची गल्लत नेहमी होते. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने १९७० पासून गटविजेत्यांबरोबर उपविजेत्यांपैकी सर्वोत्तम संघालाही बाद फेरीत घेतले आणि त्या जागेस वाइल्ड कार्ड हे नाव पडले. येथे मर्जीचा संबंध नाही, गुणतक्त्याचा आहे. टेनिसमध्ये मात्र तो शब्द मर्जीचाच झाला. विम्बल्डनने १९७७ पासून काही जागा आपल्या अखत्यारीत ठेवल्या, आणि ज्याचे मानांकन अपुरे आहे पण ज्याला खेळताना पाहावे असे आयोजकांना वाटते त्याला त्या देण्यास आरंभ केला. २००१ साली १२५ व्या क्रमांकावर घसरलेल्या गोरान इवानिसेविचने अशाच जागेवरून ती स्पर्धा जिंकली. २००५ साली आपल्या सानिया मिर्झाने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत अशाच प्रवेशावर तिसरी फेरी गाठली.

आता स्पीडवे. हा खेळ आपल्याकडे रुजला नाही, म्हणून त्याचे स्वरूप सांगणे अवश्य आहे. अंडाकृती, सपाट धावपट्टी. तिच्यावर आमच्या मुरमाशी नाते सांगणारा दगडाचा सैल भुगा. चार स्वार, चार फेऱ्या, आणि सुमारे एका मिनिटात निकाल. गाडी ५०० घनसेंटिमीटरची, मिथेनॉलवर चालणारी, एकच गिअर असलेली, आणि ब्रेक मुळीच नसलेली. सर्व वळणे डावीकडे. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम घसरू देतो, डावा पाय पोलादी तळव्यानिशी जमिनीवर टेकवून गाडीला जवळजवळ आडवी धरतो, आणि घसरणीलाच वेगाचे साधन करतो. या खेळाचा उगम सामान्यतः ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथील कृषिप्रदर्शनाच्या मैदानावर, १५ डिसेंबर १९२३ रोजी, जॉनी हॉस्किन्स याने भरविलेल्या शर्यतीत मानतात. म्हणजे त्याचा जन्म जत्रेतला, आणि हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९३६ साली लंडनच्या वेम्बली मैदानात पहिली जागतिक अंतिम फेरी झाली व ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हान प्राग जिंकला. तेव्हापासून १९९४ पर्यंत, युद्धामुळे पडलेला खंड वगळता, जगज्जेता बहुधा एका रात्रीत ठरत असे. १६ स्वार, २० शर्यती, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच भिडायचे. त्या सोळांत येण्यासाठी देशोदेशीच्या पात्रता-फेऱ्यांची लांबलचक शिडी चढावी लागे, आणि एका फुटक्या इंजिनाने वर्षाची मेहनत मातीत जाई. परंतु जो चढे तो हक्काने चढे.

१९९५ साली ही व्यवस्था बदलून अनेक शहरांतून फिरणारी ग्रां प्री मालिका सुरू झाली. मालिका म्हटली की तिकिटे, प्रक्षेपण आणि यजमान शहराचा उत्साह यांचा हिशेब आला, आणि त्या हिशेबातून वाइल्ड कार्डाची जागा आली. १९९८ ते २००४ या काळात २४ स्वारांचा प्रयोग झाला. २००५ पासून पुन्हा १६ ची जुनी चौकट आली, फरक इतकाच की तीत १५ स्वार संपूर्ण हंगामासाठी कायम झाले आणि सोळावा त्या रात्रीपुरता. त्या सोळाव्याच्या छातीवर १६ हाच अंक असतो. तो बहुधा यजमान देशाचा असतो, पुष्कळदा त्याच गावच्या संघाचा. आज येथे, तर पुढच्या फेरीत परगावी दुसराच कोणी तो अंक बांधतो.

ही झाली उघडलेल्या पानाची जात. पण छापील जोकरही आहे. पंधरा कायम स्वारांपैकी काही मागील वर्षीच्या गुणांवर येतात, काही पात्रता-स्पर्धेतून येतात, आणि उरलेल्या जागा निव्वळ नेमणुकीने भरल्या जातात. एखादा माजी विजेता हात मोडून अर्धा हंगाम घरी बसला असेल, तर त्याला पुन्हा बोलावणे न्याय्य आहे. एखाद्या देशात खेळ मूळ धरू पाहत असेल आणि तेथील एक तरुण उमदा असेल, तर तेही समजता येते. तथापि, अगदी थोड्या अंतराने पात्रता हुकलेल्या स्वाराला घरी ठेवून त्याच्याहून खालच्याला वर्षभराची सनद मिळते, तेव्हा त्या सनदेवर कारण लिहिलेले असावे असे मला आग्रहाने वाटते. माझ्या या मताच्या विरुद्ध जाणारा सर्वांत मोठा दाखला मी लपवीत नाही: ब्रिटनचा ताय वॉफिंडन २०१३ च्या हंगामात अशाच नेमणुकीने आला आणि त्याच वर्षी जगज्जेता झाला. नेमणाऱ्यांची नजर त्या वेळी खरी ठरली. परंतु नजर खरी ठरणे ही एक गोष्ट, आणि ज्याला डावलले त्याला उत्तर देणे ही दुसरी.

डावलले जाण्याचे दुःख आपल्या मुलखाला अपरिचित नाही. खाशाबा जाधव यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवडीतील अन्यायाचे गाऱ्हाणे पटियालाच्या महाराजांपर्यंत न्यावे लागले, फेरलढत मिळवून आपला हक्क मातीतच सिद्ध करावा लागला, आणि मग प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांना आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे करावे लागले. त्यानंतर आलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. निवड-समितीच्या एका निर्णयाने ते पदक हुकले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

आणि वाइल्ड कार्डाची जी चांगली जात आहे तीही आपल्याला अपरिचित नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या आणि १९१२ साली पुऱ्या झालेल्या खासबागेच्या मैदानापासून ते खानापूर तालुक्यातील एखाद्या जत्रेच्या फडापर्यंत जंगी कुस्त्यांची रीत एकच आहे. मोठ्या कुस्त्या आधी ठरतात. वस्ताद आणि पंच मिळून वजन, वय, तालीम पाहून जोड लावतात, इनाम ठरते, आणि हस्तपत्रकावर नावे छापली जातात. पण हलगी कडाडू लागल्यावर पत्रकात नाव नसलेला एखादा पोरगा लंगोट कसून लाल मातीत उतरतो, हात वर करून फडाला फेरी घालतो, आणि पंच त्याच्याकडे नजर टाकून गर्दीतून त्याच्या तोलाचा दुसरा शोधतात. हा गावचा पोरगा असतो, त्याचा दम गावाने तालमीत पाहिलेला असतो, आणि त्याला मिळालेली संधी त्या दुपारपुरतीच असते. पाठ लागली की संपले. चितपट केली तर पुढच्या वर्षी पत्रकात नाव येते. स्पीडवेच्या सोळाव्या अंकामागे हीच बुद्धी आहे, असे माझे मत आहे.

या सोळाव्याला घरच्या मातीचा लाभ होतो, अशी एक तक्रार असते. ती खरी आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच त्या जागेचे समर्थन आहे. स्पीडवेची धावपट्टी रात्रीत चार वेळा रूप पालटते. पाणी मारल्यावर आतली कड धरते, शर्यतींमागून शर्यती झाल्या की भुगा बाहेर फेकला जातो आणि वेग बाहेरच्या कडेला सापडतो. जो पोरगा लीगच्या हंगामात वारंवार त्याच वळणावर घसरतो त्याला हे डोळे मिटून कळते. जगभर फिरणाऱ्या पंधरांना त्या एका मैदानाचा खरा जाणकार भेटावा, यात गैर काय? २०१२ साली डेन्मार्कमधील व्होयेन्स येथे मिकेल येप्सेन येन्सेन सोळावा म्हणून उतरला आणि पहिला आला. २०१३ साली पोलंडमधील तोरुन येथे त्याच गावचा आद्रियान मियेजिन्स्की तसाच जिंकला.

बार्तोश झ्मार्झलिक याची हकिकत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. पोलंडमधील गोझूफ हे तेव्हा त्याच्या संघाचे गाव. २०१२ साली तेथील फेरीत सोळावा अंक त्याला मिळाला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. तो तिसरा आला. २०१४ साली तीच जागा, तेच मैदान, आणि या खेपेस तो पहिला आला. २०१६ पासून तो कायम स्वारांत आहे आणि २०१९ साली प्रथम जगज्जेता झाला. त्यानंतर त्याने ते पद पुनःपुन्हा मिळविले. ज्या समितीने सतरा वर्षांच्या पोराच्या छातीवर १६ हा अंक बांधला, तिने त्याला जगज्जेतेपद दिले नाही. तिने फक्त फडात फेरी घालू दिली.

आपल्याकडेही आता मोटारसायकलींचा मातीतला खेळ मोठ्या पैशाच्या टप्प्यावर येऊन ठेपला आहे. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. तो उंचवट्यांवरून उड्या घेण्याचा खेळ, स्पीडवेहून निराळा, आणि त्यातले स्वार लिलावातून संघांकडे गेले. लिलावात बोली लागते ती नाव झालेल्यावर. अशा लीगच्या चालकांना एका खेड्यातल्या माणसाची विनंती आहे: फेरी ज्या जिल्ह्यात भरेल त्या जिल्ह्यातील एका स्वारासाठी प्रत्येक वेळी एक जागा लिलावाबाहेर राखून ठेवा, तो कोणत्या कारणाने निवडला हे पत्रकावर छापा, आणि त्याच्या छातीवर सोळा हाच अंक बांधा.