घटिकापात्र, आगगाडी आणि स्वयंचलित घड्याळ

कालमापनाची साधने कितीही बदलली, तरी त्यांची निगा राखणाऱ्या माणसाचे काम संपत नाही, हे सत्य बुलढाणा जिल्ह्याच्या गतकाळात डोकावले असता विशेष प्रत्ययास येते. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडावे, ते भरून बुडाले की चोवीस मिनिटांची एक घटिका सरली असे समजावे आणि लगेच ते उपसून पुन्हा तरंगत ठेवावे, असा अहोरात्रात साठ वेळा करावयाचा तो क्रम होता. आणि लग्नघटिका साधणाऱ्या जोशांना तेवढ्या वेळात नजर ढळू देण्याची मुभा नव्हती.

१८५३ साली निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि कचेऱ्यांचा नवा शिरस्ता सुरू झाला. परंतु घड्याळाचा अंमल रयतेच्या दिनक्रमावर खऱ्या अर्थाने बसविला तो आगगाडीने. कापसाची मोठी बाजारपेठ असलेल्या खामगावास जलंबहून जोडणारी सुमारे आठ मैलांची शाखा १८७० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली. त्या काळी आगगाड्या मद्रासच्या वेळेने धावत, आणि मद्रास पूर्वेस असल्यामुळे ती वेळ खामगावच्या सूर्यापेक्षा सुमारे पंधरा मिनिटे पुढे असे. पुढे १९०५ साली खामगाव तालुका अकोला जिल्ह्यातून बुलढाणा जिल्ह्यात आला, आणि १९०६ च्या आरंभी साडेब्याऐंशी अंश रेखांशावरील भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. तेव्हापासून खामगावचा मध्यान्ह घड्याळातील बारांच्या मागे सरासरीने सुमारे चोवीस मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक घटिका, पडत आला आहे.

घटिकापात्र उपसण्याची जागा पुढे चावी देण्याने घेतली. बंगळूरच्या एचएमटी कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली मनगटी घड्याळे तयार होऊ लागली, आणि रोज ठरल्या वेळी चावी देणे हा घरोघरचा नेम झाला. त्यापूर्वीच, १९२० च्या दशकात, जॉन हारवुड या इंग्रज कारागिराने मनगटाच्या हालचालीने स्वतःच कमान गुंडाळणारे घड्याळ सिद्ध केले होते. अशा स्वयंचलित घड्याळातील वजन हात हलताच फिरते. मात्र घड्याळ काढून ठेवले की बहुधा दीड-दोन दिवसांत ते थांबते.

म्हणूनच काढून ठेवलेले घड्याळ फिरवून चालू ठेवणारे यंत्र भंगारातील वस्तूंतून घरी जुळविणाऱ्या हौशी कारागिराचा उद्योग मला या परंपरेचाच विस्तार वाटतो. जुन्या मायक्रोवेव्ह भट्टीतील तबकडीची मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे देते. पुष्कळशा घड्याळांना दिवसाकाठी साडेसहाशे ते आठशे फेरे पुरतात. म्हणून ती अखंड चालविण्याऐवजी दर तासाला सुमारे साडेपाच मिनिटे चालवून विसावा देणे, घड्याळास मोटरच्या चुंबकापासून दूर ठेवणे, आणि घरच्या विजेला थेट जोडलेल्या तारा पूर्ण बंदिस्त करणे, या तीन सुधारणा अगत्याच्या आहेत. कमान कोणत्या दिशेच्या फेऱ्यांनी गुंडाळली जाते हेही आधी पाहावे लागते.

राजवटींच्या आणि रेल्वेच्या नोंदी दफ्तरांत जपल्या जातात. पण टाकून दिलेल्या वस्तूला पुन्हा कामास लावणाऱ्या या हस्तकौशल्याची नोंद सहसा कोणी घेत नाही, आणि स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी ती अवश्य घ्यावी.