तोफ, बैल आणि बंदुकीची किंमत

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिनकल नावाचे गाव आहे. नन्नेश्वराचे जुने मंदिर सोडले तर इतिहासाच्या ग्रंथांत त्याचे नाव क्वचितच येते. आता तर ते शहरातच मिसळून गेले आहे. पण त्याच्या उत्तरेस, आज जेथे कृष्णराजसागराचे पाणी पसरले आहे, त्या कन्नंबाडीच्या परिसरात १७९१ च्या मे महिन्यात जो प्रसंग घडला, तो महागड्या शस्त्राचे मोल ठरविताना विसरून चालत नाही.

लॉर्ड कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणच्या वेढ्यासाठी जड तोफांचा मोठा काफिला आणला होता. मार्चमध्ये बंगळूरचा किल्ला त्याने घेतला होता, १५ मे रोजी अरकेरेच्या लढाईत टिपूला मागेही रेटले होते. परंतु पाऊस लागला, चारा संपला आणि बैल मरू लागले. अखेर २२ मे रोजी त्याने आपल्या वेढ्याच्या तोफा आपल्याच हाताने नष्ट केल्या. चारच दिवसांनी, माघारीच्या वाटेवर, हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. मराठ्यांच्या छावणीतील बाजारात धान्य होते. भाव अर्थात चढे होते, आणि भुकेलेल्या पलटणींनी ते मुकाट्याने दिले.

यावरून मराठ्यांनी मिशीवर ताव देण्याचे मात्र कारण नाही. भाऊंनी धारवाडला घातलेला वेढा १७९० च्या पावसाळ्याअखेरीपासून १७९१ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कॅप्टन लिटलच्या पलटणीतील एडवर्ड मूर याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. एक गोळा सुटला की गोलंदाज खाली बसत, धूम्रपान करीत, गप्पा मारीत. दुपारी जेवणाकरिता तर मारा थांबेच. वर्णनात परक्याचा तोरा असेल. पण सहा महिन्यांचा हिशेब खोटा नाही. जलद मारा करणारे हत्यार स्वस्त मिळाले असते, तरी अशा रीतीपुढे त्याची जलदी काय कामाची?

बंदुकीचीही गोष्ट तीच. तोड्याची बंदूक लांब नळीमुळे दूरवर व नेमका मारा करी, आणि गावचा कारागीरही ती दुरुस्त करू शके. पण तोडा पावसात विझे, रात्री त्याचा निखारा शत्रूस दिसे, आणि जळत्या तोड्याजवळ दारू असल्याने शिपायांना अंतर राखून उभे राहावे लागे. चकमकीच्या बंदुकीने हे अंतर मिटविले. पलटणीची दाट रांग उभी राहिली. तिची खरी किंमत नळीत वा चापात नव्हती. ती नित्याची कवाईत, वेळेवरचा पगार आणि अखंड दारूगोळा यांत होती. महादजी शिंद्यांनी हे नेमके ओळखले. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली विलायती तोडीच्या बंदुका सुमारे दहा रुपयांस एक याप्रमाणे तयार होत. १७९० मध्ये पाटण व मेडता येथे दबॉयच्या पलटणींनी जो पराक्रम केला, त्यामागे हा कारखाना आणि पगारासाठी तोडून दिलेला मुलूख होता. पुढे १८०३ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या तोफा असईला उत्तमच होत्या. पण युद्धाच्या तोंडावर अनेक गोरे अंमलदार चाकरी सोडून गेले होते.

अर्धस्वयंचलित रायफल महाग का, आणि ती घ्यावी का, या प्रश्नालाही हीच मोजपट्टी लावावी लागते. १९६२ च्या युद्धात भारतीय जवानाच्या हाती प्रत्येक गोळीमागे खटका ओढावा लागणारी जुनी रायफल होती. त्यानंतर ईशापूरची स्वयंभरणी रायफल आली. तिचे श्रेष्ठत्व निर्विवाद होते. पण जी रायफल गोळ्या जलद उडविते, ती गोळ्या जलद संपवितेही. तेव्हा तिच्यासोबत काडतुसांचे ओझे वाहण्याची सोयही विकत घ्यावी लागते. थंडीच्या कपड्यांवाचून हिमालयात उभ्या असलेल्या जवानाला नुसती नवी रायफल पुरली नसती.

कॉर्नवॉलिस मात्र शिकला. पुढच्या वेळी तो तोफांबरोबरच बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे जमवून आला. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री त्याने श्रीरंगपट्टणच्या तटाबाहेरील छावणीवर जो निर्णायक हल्ला केला, त्यात पायदळाबरोबर एकही तोफ नव्हती. मार्चमध्ये टिपूने तह केला आणि निम्मे राज्य सोडून दिले.