बोटावरचा थेंब

आमच्या पूर्णेकाठच्या खेड्यांत रक्ताची तपासणी पहिल्यांदा पोचली ती मलेरियावाल्याच्या पिशवीतून. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याची निर्मूलन मोहीम झाली आणि दर पंधरवड्याला एक माणूस दारात येऊ लागला. घरात कुणाला ताप आहे का, एवढंच तो विचारायचा. असेल त्याच्या डाव्या हाताची अनामिका पुसायची, सुई टोचायची, स्लाइडवर एक जाड थेंब आणि शेजारी एक पातळ थर घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर तारीख घालायची. माझ्या आजीच्या घरी दारामागे त्या तारखांचे रकाने होते. पुढे कितीदा चुना दिला, तरी खालून दिसत राहिले.

त्या स्लाइड वाचणाऱ्यांचा धंदा मी पुढे उचलला. शेगावात प्रयोगशाळेत उभं राहून माझं बहुतेक आयुष्य गेलं. जेएसबी नावाचा रंग असायचा, जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या आपल्याच माणसांनी बसवलेला, स्वस्त आणि झटपट. रंगवलेली स्लाइड तेलाच्या भिंगाखाली सरकवली की तांबड्या पेशीच्या आत निळसर कडं आणि त्यावर लाल ठिपका दिसायचा. हा परजीवी लाव्हरान यांनी १८८० मध्ये माणसाच्या रक्तात पाहिला आणि १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत तो डासाच्या पोटात शोधला. १९७६ साली देशात मलेरियाचे ६४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. तेव्हाच्या माझ्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल व्हायचे.

दुसरा प्रश्न रक्ताला विचारला तो फिकटपणाचा. त्यासाठी साहलीची पेटी होती. मला ती अजून हाताला आठवते. नळीत खालच्या खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं. बोटातून वीस घनमिलिमीटर रक्त पिपेटमध्ये तोंडाने ओढायचं, टोक पुसायचं आणि ते आम्लात सोडायचं. लाल रंग बघता बघता तपकिरी व्हायचा. दहा मिनिटं थांबून थेंब थेंब शुद्ध पाणी घालायचं, काचेच्या काडीने ढवळायचं आणि दोन्ही बाजूंच्या तपकिरी काचांशी रंग जुळेपर्यंत खिडकीकडे तोंड करून बघायचं. ट्यूबलाइटच्या उजेडात हे काम करू नये, असं मला शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कपाशीच्या हंगामात वेचणीवरून येणाऱ्या बायांचा हिमोग्लोबिनचा आकडा सहा-सातवर अडायचा. बाईच्या अंगी तो बारा तरी हवा. त्या म्हणायच्या, “काहून बाबू, माह्या अंगात आधीच रगत नाही, अन् तुम्ही अजून काढता?” मी त्यांना सांगायचो, मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं, या थेंबानं काही होत नाही. पण त्यांचं म्हणणं अर्धं खरंच होतं. रक्त पाचेक लिटरच होतं. त्यात पुरेसं लोह नव्हतं. लोहाशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही आणि हिमोग्लोबिनशिवाय फुफ्फुसातला प्राणवायू त्या दुखऱ्या खांद्यांपर्यंत पोचणार कसा?

रक्त गोठू नये म्हणून औषध घालून नळी उभी ठेवली की आतलं सगळं डोळ्यांना दिसतं. वर गवताच्या रंगाचा प्लाझ्मा, साधारण ५५ टक्के. खाली तांबड्या पेशी, ४५ टक्के. आणि मध्ये पांढुरका पातळ पापुद्रा. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट त्या पापुद्र्यात. क्षयाच्या रुग्णाच्या नळीत तांबड्या पेशी भराभर खाली बसायच्या, कारण प्लाझ्मात वाढलेल्या प्रथिनांमुळे त्या चळती करून एकमेकींना चिकटतात. ईएसआर म्हणतात तो हाच. नव्या मुलांना मी आधी ही नळी दाखवायचो, मशीन नंतर.

रक्तगटाचा प्रश्न त्यामानाने शहरी. लँडस्टायनर यांनी तो १९०१ मध्ये मांडला आणि १९५२ मध्ये डॉ. भेंडे यांनी मुंबईत ‘बॉम्बे’ गट शोधून त्यात आपली भर घातली. साध्या तपासणीत हा गट ‘ओ’ दिसतो, आणि तसं समजून रक्त दिलं तर घातक. रक्त विकणाऱ्यांचा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने १ जानेवारी १९९८ पासून बंद झाला, तेव्हापासून सगळी भिस्त स्वेच्छेने देणाऱ्यांवर. हा निकाल फार आधी यायला हवा होता.

मग खारपाण पट्ट्याचा प्रश्न आला. आमच्या भागात भूगर्भातलं पाणी खारट, आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे किडनीचे रुग्ण वाढल्याची ओरड जुनी आहे. ‘क्रिएटिनिन’ हा शब्द इथल्या अडाणी म्हाताऱ्यालाही ठाऊक आहे. किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळते. ती थकली की क्रिएटिनिनचा आकडा चढतो.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांची डोकी खाजू लागली आणि तीन-चार दिवसांत केस हातात येऊ लागले. पोरीबाळी डोक्यावरचा पदर काढेनात. आधी संशय पाण्यावर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्राला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः गावांत आले. त्यांनी जमवलेले नमुने ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासले गेले, आणि त्यांच्या अहवालात रक्त, लघवी आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी जास्त, जस्त मात्र कमी निघालं. त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. आमच्या मशीनमधून रक्ताचे वीस-बावीस आकडे एका मिनिटात बाहेर पडतात, पण त्यांत सेलेनियम नाही. विचारल्याशिवाय रक्त सांगत नाही, हे मी नोकरीभर बघत आलो.

काहींचे केस परत आले. पुढच्या एप्रिलमध्ये काहींची नखं विद्रूप होऊन गळू लागली. सेलेनियम वाढल्याचं तेही लक्षण आहे. माझं म्हणणं एवढंच की एकदा नमुना घेऊन थांबू नये. प्लाझ्मातलं सेलेनियम अलीकडच्या खाण्याचं असतं. तांबडी पेशी मात्र सुमारे १२० दिवस जगते आणि तयार होतानाच आपल्या वाट्याचं सेलेनियम घेते, त्यामुळे मागच्या तीन-चार महिन्यांचं खाणं तिच्यात सापडतं. त्याच माणसांचं रक्त दर चार महिन्यांनी घ्यावं, प्लाझ्मा वेगळा आणि पेशी वेगळ्या तपासाव्यात, आणि त्या दिवशी घरात कुठला गहू दळला होता तेही शेजारी लिहावं. सेंट्रिफ्यूज आपल्याकडे आहे, शीतपेटी आहे, शिकलेली मुलं आहेत. नोंदवही मी आखून द्यायला तयार आहे.