साखळी : हातात हात धरण्याची कुळकथा

जालना जिल्ह्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात जाफराबाद हे तालुक्याचं गाव आहे. तिथल्या मैदानावर कबड्डीला उभ्या राहिलेल्या पोराला चढाई सावकाश येते, साखळी आधी शिकावी लागते. शेजाऱ्याचा हात धरायचा, आणि चढाईपटूनं कितीही हुलकावण्या दिल्या तरी सोडायचा नाही. हेच पोर अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल संघात ‘लाइनमन’ म्हणून उभं केलं, तर पंचाईत होईल. शेजाऱ्याचा हात धरून ते समोरच्याला आडवं गेलं, की पंचांचा पिवळा रुमाल मैदानात पडलाच म्हणून समजा. हात गुंफून अडवणं तिथे १९१० पासून नियमबाह्य आहे.

लाइनमन म्हणजे चेंडूच्या रेषेवर वाकून उभा राहणारा धिप्पाड गडी. आपल्या चेंडूवाल्याच्या वाटेतली माणसं दूर ठेवणं, एवढंच त्याचं काम. चेंडू घेऊन पळणं त्याच्या वाट्याला सहसा येत नाही, गुणफलकावर नाव झळकत नाही. सगळी कारकीर्द दुसऱ्याला पडू न देण्यात जाते. आपल्याकडच्या कोपरारक्षकाला निदान पकडीचा गुण तरी मिळतो.

गंमत अशी की या खेळात पैसे घेऊन खेळलेला पहिला ज्ञात माणूस याच बिनचेहऱ्याच्या रांगेतला होता. येल विद्यापीठाचा माजी ‘गार्ड’ पज हेफेलफिंगर याला १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्गमधल्या एका सामन्यासाठी ५०० डॉलर मिळाले. त्यानं निसटलेला चेंडू उचलून धाव घेतली आणि सामना ४-० असा जिंकून दिला. लाइनमनच्या धंद्याचा श्रीगणेशा लाइनमन सहसा करत नाही अशा गोष्टीनं झाला.

त्यानंतर अवघ्या आठवड्यानं, १९ नोव्हेंबरला, स्प्रिंगफील्ड गावी हार्वर्ड आणि येल भिडले. लॉरिन डीलंड नावाच्या, स्वतः कधीच फुटबॉल न खेळलेल्या बुद्धिबळपटूनं नेपोलियनच्या लढायांचा अभ्यास करून हार्वर्डला एक व्यूह दिला होता. खेळाडूंच्या दोन तुकड्या दोन बाजूंनी मागून धावत यायच्या आणि पाचरीसारख्या एकत्र होऊन समोरच्या एकाच माणसावर आदळायच्या. ही ‘उडती पाचर’. हार्वर्ड सामना हरलं, पण पाचर देशभर पसरली आणि तिच्याबरोबर मोडलेली हाडंही. १८९४ मध्ये तिच्यावर बंदी आली, तरी घोळक्यानं रेटण्याची खोड गेली नाही. १९०५ पर्यंत जखमा आणि मृत्यू इतके वाढले, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९१० मध्ये हात गुंफणं, मागून ढकलणं आणि पुढून ओढणं बंद झालं. त्याच वर्षी आणखी एक नियम आला : चेंडू असलेल्या संघानं रेषेवर किमान सात माणसं उभी केली पाहिजेत.

सात! कबड्डीच्या वेडात वाढलेला मराठी वाचक इथे ताठ बसतो. आपल्याही मैदानात सातच असतात : दोन कोपरे, दोन इन, दोन कव्हर आणि मधला एक. तिकडे मधोमध ‘सेंटर’, त्याच्या दोन्ही हातांना गार्ड, मग टॅकल, मग टोकाचे दोघे. मांडणी इतकी सारखी, की कुणीतरी कुणाचं पाहिलं असणार, अशी शंका येतेच.

शंकेला खतपाणी घालणारा पुरावाही सापडतो, आणि तो त्याच स्प्रिंगफील्डकडे बोट दाखवतो. पाचर तिथे उडाली तेव्हा गावातल्या वायएमसीएच्या शिक्षणसंस्थेत जेम्स नायस्मिथ शिकवत होते. बास्केटबॉलचे जनक म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण संस्थेच्या फुटबॉल संघात ते सेंटरच्या जागी, म्हणजे लाइनमन म्हणून खेळत. याच संस्थेत शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. स्प्रिंगफील्डहून मद्रास, तिथून महाराष्ट्र, आणि सातचा आकडा आपल्या मैदानात. माळ छान ओवली जाते.

पण तारखा आड येतात. हुतुतूला, म्हणजे आपल्या कबड्डीला, नियमांत बसवण्याची खटपट महाराष्ट्रात १९१८ च्या सुमारास सुरू झाली होती, बक यांच्या महाविद्यालयाआधी. १९२३ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. शिवाय अमेरिकेतले सात ही रेषेवरची किमान संख्या, संघ अकरांचा. आपले सात म्हणजे मैदानातला पूर्ण संघ. तेव्हा ही माळ तोडलेली बरी. त्यापेक्षा साधा तर्क असा, की सात हा साखळीचाच हिशेब आहे. जोड्या तीन आणि मधला एक, जो प्रसंगी कुठल्याही जोडीला जाऊन मिळतो. सहा घेतले तर मधे खिंडार पडतं, आणि आठ घेतले तर दहा मीटर रुंदीत एकमेकांच्या पायात पाय येतात.

आता खरा वाद. ‘कबड्डी’ हा शब्दच हात धरण्यावरून आला, असं ठामपणे सांगणारे बरेच आहेत. तमिळमध्ये ‘कै’ म्हणजे हात, ‘पिडि’ म्हणजे धरणं. म्हणून कैपिडि, त्याचं कबड्डी. ध्वनीच्या अंगानं यात मोठी अडचण नाही, कारण दोन स्वरांमधला ‘प’ तमिळ तोंडी ‘ब’कडे झुकतो. साखळीच्या भक्ताला ही व्युत्पत्ती हवीहवीशी वाटणार, यात नवल नाही. अडचण वेगळीच आहे. खुद्द तमिळनाडूत या खेळाचं जुनं नाव चडुगुडु. बंगालात हाडुडु, आपल्याकडे हुतुतू. तमिळांनी हात धरण्यावरून नाव पाडलं असतं, तर ते स्वतः का वापरलं नसतं?

ही सगळी नावं एका दमात म्हणून बघा. चडुगुडु, हाडुडु, हुतुतू : अर्थ शून्य, पण थांबलं की लगेच कळतं. चढाईपटूचा दम टिकला की गेला, हे ऐकू यावं म्हणून घडलेले हे आवाज. ‘कबड्डी’तला ठसठशीत ‘ड्ड’ त्याच घराण्यातला दिसतो. अभिमन्यूच्या चक्रव्यूहापर्यंत खेळाचं कूळ नेणारी कथा यापेक्षाही पातळ. त्यात एकटा आत शिरणारा आहे, पण हात धरणारं कुणीच नाही.

मग तिकडे जीवघेणी ठरलेली युक्ती इकडे निर्धोक कशी राहिली? उत्तर मैदानाच्या मापात असावं. पाचर घातक होती ती वेगामुळे. वीस-पंचवीस यार्डांची धाव तिच्या मागे असे. पुरुषांच्या कबड्डीत अर्धं मैदान जेमतेम साडेसहा मीटर खोल. तिथे धाव घ्यायला जागाच नाही. शिवाय इथे साखळीसमोर दुसरी साखळी नसते, एकटा चढाईपटू असतो. साखळीतला एक घोट्यावर झेपावतो, दुसरा त्याला मागे खेचायला तयार असतो. झेप चुकली तर ओढून घेतो, साधली तर दोघं मिळून जाळं आवळतात. म्हणजे धरलेला हात इथे आदळण्यासाठी नसतो, सावरण्यासाठी असतो.

पुढचा इतिहास माहितीचा. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली. त्याआधीच्या, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकन फुटबॉलही असाच दाखवला गेला होता. पुढे बुवा साळवींसारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्यं वेचली, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकं आली, २०१४ पासून प्रो कबड्डीनं तिला रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर बसवलं. उलट दिशेचा प्रवास अगदीच तोकडा. २०१२ मध्ये भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग निघाली, पुणे मराठाज संघानं दिल्लीला ६-० असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि लीग लवकरच विस्मरणात गेली.

अमेरिकेत मात्र १९१० चा बांध एका बाजूनं फुटला आहे. चेंडूवाल्याला मागून ढकलण्यावरची बंदी व्यावसायिक लीगनं या शतकाच्या पहिल्या दशकात उठवली. फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघानं त्याचं हत्यार केलं : लाइनमन खाली घुसून वाट फोडतात, मागचे दोघं-तिघं चेंडूवाल्याला रेटतात. हे थांबवावं म्हणून मे २०२५ मध्ये संघमालकांनी मतदान केलं. बंदीला ३२ पैकी २४ मतं हवी होती, पडली २२. रेटा राहिला. हात गुंफण्याची परवानगी मात्र कुणी मागितलीसुद्धा नाही.