अक्को : एका बंदराचे नाव

भारतातून पाहुणे आले की जेरुसलेम दाखवून झाल्यावर मी त्यांना हमखास अक्कोला नेतो. हायफाच्या आखाताच्या उत्तर टोकावरचे हे छोटेसे बंदर. "इथे राज्य कोणाचे होते?" असे कोणी विचारले की मी म्हणतो, "कोणाचे नव्हते ते विचारा!"

बायबलच्या 'शास्ते' या पुस्तकात अक्कोचा उल्लेख आहे. अलेक्झांडरनंतर इजिप्तच्या टॉलेमी राजघराण्याने शहराचे नाव बदलून 'टॉलेमाइस' केले. रोमन काळातही तेच चालले. सातव्या शतकात अरब आले आणि जुने नाव 'अक्का' होऊन परतले. ११०४ मध्ये क्रुसेडरांनी शहर जिंकले, ११८७ मध्ये सलादिनने घेतले, ११९१ मध्ये क्रुसेडरांनी परत मिळवले. जेरुसलेम हातचे गेल्यामुळे हीच त्यांची राजधानी झाली. १२९१ मध्ये मामलुक सुलतान अल-अश्रफ खलीलने शहर जिंकून उद्ध्वस्त केले.

पुढे साडेचारशे वर्षे बहुतेक अवशेषच उरले होते. तुर्की अमलात, अठराव्या शतकात, जाहिर अल-उमरने शहर पुन्हा वसवले. त्याच्यानंतरच्या जज्जार पाशाने १७९९ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या मदतीने नेपोलियनला दोन महिने वेशीबाहेर थोपवले. भारतातल्या इंग्रजांविरुद्ध टिपूशी हातमिळवणी करू पाहणाऱ्या नेपोलियनने २० मे रोजी वेढा उठवला. टिपू त्याआधीच, ४ मे रोजी, श्रीरंगपट्टणला धारातीर्थी पडला होता.

क्रुसेडरांच्या दालनांत माती-दगड भरून तुर्की काळात त्यांवर किल्ला उभारला गेला. ब्रिटिशांनी त्याच किल्ल्याचा तुरुंग केला. वरच्यांनी खालचे गाडले, म्हणून तर ते टिकले! आज उत्खननानंतर त्या भव्य दालनांतून आपण फिरू शकतो. २००१ मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसा म्हटले.

१९४८ च्या युद्धात येथील असंख्य अरब कुटुंबांची घरे सुटली. तरीही जुन्या शहरात आज मुख्यतः अरब वस्तीच आहे. ते 'अक्का' म्हणतात, आपण 'अक्को'. टॉलेमीचे नाव पुस्तकात राहिले, लोकांच्या तोंडचे नाव मात्र टिकले.

आपल्या बेने इस्रायली घरांना हे नवीन नाही. पेणकर, रोहेकर म्हणवणाऱ्यांच्या नातवंडांनी पेण आणि रोहे कदाचित पाहिलेही नसेल, पण गाव आडनावात सुखरूप आहे. मुलांना अक्को दाखवाल तेव्हा आपल्या आडनावातले गाव कुठे आहे, तेही नकाशावर दाखवा.