संस्कृतचा प्राध्यापक आणि महाराष्ट्राचा कर्णधार

१/ रणजी करंडकाच्या स्पर्धेत 'महाराष्ट्र' हे नाव प्रथम विजेत्यांच्या यादीत आले ते १९३९-४० च्या हंगामात. संघाचे नेतृत्व करणारे गृहस्थ तेव्हा अठ्ठेचाळिशीत पोहोचलेले होते आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत होते. ते म्हणजे प्रा. दिनकर बळवंत देवधर.

२/ जन्म १४ जानेवारी १८९२. त्या काळी क्रिकेट राजेमहाराजांच्या आश्रयावर आणि धर्मवार जिमखान्यांवर उभे होते. पगारी प्राध्यापकाने त्यात स्थान मिळवणे ही सोपी गोष्ट नव्हती.

३/ डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ मुंबईत आला. बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून सी. के. नायडूंनी १५३ धावा फटकावल्या. त्या खेळीची आख्यायिका झाली. त्याच महिन्यात त्याच पाहुण्यांविरुद्ध अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा केल्या. तिची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही. भारतीय खेळाडू कसोटीच्या योग्यतेचे आहेत, हे इंग्रजांना पटवण्यात दोन्ही खेळींचा वाटा होता. पुढे १९२८ मध्ये नियामक मंडळ स्थापन झाले.

४/ भारताची पहिली कसोटी २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर झाली. देवधर चाळिशीचे झाले होते. ते त्या संघात नव्हते, आणि पुढेही एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही.

५/ वयाचा हिशेब त्यांनी मैदानावर चुकता केला. १९३९-४० मध्ये अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला आणि पुढच्या वर्षी मद्रासला हरवून महाराष्ट्राने सलग दोनदा करंडक जिंकला. त्याच पहिल्या हंगामात त्यांच्या संघातील विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. १९४०-४१ मध्ये पुण्यात मुंबईविरुद्ध खुद्द कर्णधाराने २४६ काढल्या. १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१! वय ५२.

६/ येथे एक नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. देवधरांचा 'महाराष्ट्र' म्हणजे मुख्यतः पुणे आणि आसपासचा प्रदेश. मुंबईचा संघ वेगळा. आपले कन्नड तर तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले, म्हणजे निजामाच्या राज्यातले. येथे एखादा मराठी मुलगा तेव्हा उत्तम खेळत असता, तरी त्याचा संघ हैदराबाद ठरला असता. त्या हैदराबादने १९३७-३८ चा करंडक जिंकलाही होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. औरंगाबादचे इक्बाल सिद्दिकी महाराष्ट्राकडून खेळत २००१ मध्ये मोहालीच्या कसोटीपर्यंत पोहोचले, ते या बदललेल्या सीमारेषांच्या आतून.

७/ घरातही खेळच. तारा, सुंदर आणि सुमन या देवधर भगिनींनी राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवले. मुलींनी रॅकेट हाती धरणेच ज्या काळात भुवया उंचावणारे होते, त्या काळातली ही गोष्ट. तिच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.

८/ १९७३-७४ पासून विभागीय संघांची एकदिवसीय स्पर्धा 'देवधर करंडक' या नावाने सुरू झाली. १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. शंभरी पूर्ण करून २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.