उजेडाचे औषध, उन्हाची अडचण

2020 च्या जून महिन्यात बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे हिरवट पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासल्यावर कारण कळले : खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव आणि त्यांचे रंगद्रव्य. या जीवांना रंगाचा उपयोग काय? प्रखर ऊन आणि ऑक्सिजन यांच्या जोडीने पेशीला इजा होऊ शकते. हे रंगद्रव्य तिच्यापासून बचाव करते.

म्हणजे प्रकाश जसा जगवतो, तसा मारूही शकतो. कर्करोगावरचा एक उपचार याच गोष्टीवर उभा आहे.

त्याची सुरुवात झाली ती गोंधळात टाकणाऱ्या एका प्रयोगातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी ॲक्रिडीन या द्रव्याचा पॅरामेशियमवर होणारा परिणाम पाहत होता. द्रव्य तेच, प्रमाण तेच, तरी कधी जीव लवकर मरत, तर कधी बराच वेळ जगत. फरक उजेडाचा होता. अंधारात नुसते द्रव्य फारसे घातक नव्हते आणि नुसता उजेडही नव्हता. दोन्ही एकत्र आले की जीव मरत. हे निष्कर्ष 1900 मध्ये प्रसिद्ध झाले.

राबचे गुरू हेरमान फोन टापायनर यांनी पुढचे पाऊल टाकले. 1903 मध्ये त्यांनी येसिओनेक यांच्यासह त्वचेच्या कर्करोगावर इओसिन लावून त्यावर प्रकाश सोडला. या क्रियेला ऑक्सिजनही लागतो, हेही त्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. प्रकाश शोषलेला रंगरेणू आपली ऊर्जा ऑक्सिजनला देतो. असा उत्तेजित ऑक्सिजन जवळपासच्या रेणूंवर तुटून पडतो आणि पेशी मरते.

1912 मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ या डॉक्टरांनी रक्तातील रंगद्रव्यापासून मिळणारे हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःलाच टोचून घेतले. उन्हात जाताच त्यांचा चेहरा आणि हात सुजले, आणि उन्हाचा हा त्रास दोन महिन्यांहून अधिक काळ टिकला. हा प्रसंग लक्षात ठेवूया.

पुढे अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये लिपसन आणि श्वार्ट्झ यांनी हिमॅटोपॉर्फिरिनपासून गाठीत अधिक साठणारे मिश्रण तयार केले. 1970 च्या दशकात बफेलो येथे थॉमस डोहर्टी यांनी ते आणि तांबडा प्रकाश वापरून आधी उंदरांवर, मग रुग्णांवर उपचार केले. 1993 मध्ये कॅनडाने अशा औषधाला पहिली मान्यता दिली. 2001 मध्ये युरोपात टेमोपॉर्फिन हे औषध डोके-मानेच्या वाढलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले.

तांबडाच प्रकाश का? वर्गात अंधार करून विजेरीवर बोट ठेवा. बोट लाल दिसेल. इतर रंग ऊतींत लवकर शोषले जातात, तांबडा त्यातल्या त्यात खोल जातो. तरीही त्याची मजल साधारण एक सेंटिमीटरपर्यंतच. म्हणून खोलवरच्या मोठ्या गाठीवर हा उपचार चालत नाही. त्वचा, तोंड, अन्ननलिका अशा, प्रकाश पोचवता येईल त्या जागी तो कामाचा.

विदर्भात तंबाखू आणि खर्रा यांमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपण जवळून पाहतो. जबड्याचा भाग न कापता उपचार होणार असेल तर कोणाला नको? पण येथे मायर-बेट्झ आठवतात. शिरेतून दिलेल्या पहिल्या पिढीच्या औषधानंतर महिनाभर तरी उन्हापासून जपावे लागते. आपल्या नेहमीच्या क्रीमने भागत नाही, कारण ती मुख्यतः अतिनील किरण अडवतात आणि येथे त्रास देतो तो दिसणारा प्रकाश. खिडकीची काचही तो अडवत नाही. कपाशी वेचून घर चालवणाऱ्या बाईने महिनाभर सावलीत कसे बसावे? मायर-बेट्झ यांचे उन्हाने जे केले, ते बुलडाण्याच्या उन्हात किती होईल?

यावर एक वाट निघाली आहे. 1990 मध्ये कॅनडात केनेडी आणि सहकाऱ्यांनी अमिनोलेव्हुलिनिक आम्ल फक्त त्वचेच्या रोगट जागी लावले. पेशी त्यापासून रंगद्रव्य स्वतःच बनवतात आणि ते थोड्याच काळात नाहीसे होते. पण हा उपाय वरच्या पातळ थरापुरता आहे.

म्हणून आम्हाला वाटते, कोणत्याही औषधाबद्दल दोन प्रश्न विचारावेत : ते रोग बरा करते का, आणि ते घेणाऱ्या माणसाच्या दिवसात बसते का? पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात मिळते. दुसऱ्यासाठी शेताच्या बांधावर जावे लागते.